कोकणात सिल्की पाळायची तर आधी पाय सांभाळा

सिल्की कोंबडी बघितली की माणूस आधी हात लावून बघतो, कापूस की कोंबडी असंच वाटतं, आणि लगेच विचारतो कुठे मिळेल. मी उलट विचारतो, मिरगापासून गणपतीपर्यंत ठेवणार कुठे? रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि हिच्या पिसाला पाणी अडवताच येत नाही. साध्या कोंबडीच्या पिसात बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पीस सपाट राहतं आणि पाणी वरून ओघळून जातं. सिल्कीला ते आकडे नाहीत म्हणून पीस केसासारखं मोकळं, एका सरीत कातडीपर्यंत भिजते. त्यात पायावर पार मधल्या बोटापर्यंत पिसं.

पहिल्या वर्षी मी दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, गावठी कोंबड्यांबरोबर परड्यात सोडल्या होत्या. आषाढात एक लंगडायला लागली, पिसं बाजूला करून बघितलं तर बोटांच्या मध्ये चिखल वाळून दगडासारखा झालेला आणि खाली कातडी कुजलेली. आई म्हणाली, "पाय भिजले काय गेली समज." गेलीच ती. अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

खुराडं जमिनीवर नको. चार कोपऱ्यांना चिरे रचून दोन फूट वर फळ्यांचा तळ घ्या, दार रुंद आणि उतरंड कमी चढाची ठेवा, कारण सिल्कीला उडता येत नाही, रात्री दांडीवर पण चढत नाहीत, कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर ढीग करून झोपतात. झड ज्या बाजूने येते तिकडे झाप बांधा, पण वरची वीतभर जागा वाऱ्याला मोकळी सोडा, पूर्ण बंद केलं तर आतल्या आत दमट होऊन शेणाचा वास डोळ्यात जातो. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मुंगूस आणि कांडेचोर (उदमांजर) मोठ्या भोकातून सहज काम करतात. खाली भाताचा तूस चार बोटं, पावसात दर तीन-चार दिवसांनी हलवायचा आणि ओला झालेला भाग लगेच काढायचा. वाळू टाकायची तर नदीची, समुद्राची नको, तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. पाण्याचं भांडं उघडं ठेवलं तर दाढी आणि डोक्यावरचा झुपका दिवसभर ओला राहतो, निपल ड्रिंकर लावा, म्हणजे चोच मारली की थेंब येणारी तोटी, दोन दिवसात शिकतात. एका टोपलीत कोरडी चुलीची राख आणि वाळू ठेवा, त्यात लोळल्या की उवा कमी होतात.

विकत घेताना पायाची बोटं मोजा. पाच बोटं पाहिजेत, पाचवं बोट चौथ्यापासून सुटं आणि वर वळलेलं. कातडी काळी, चेहरा जांभुळकाळा, तुरा अक्रोडासारखा खडबडीत, कानाची पाळी निळसर हिरवी. काळी कातडी बघून कोणी कडकनाथचा क्रॉस सांगेल, तसं काही नाही, सिल्की वेगळीच जुनी आशियाई जात आहे, अमेरिकेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातींचे ठरलेले निकष लिहिलेल्या पुस्तकात, ती 1874 लाच आली. गुडघ्यातून मागे कडक पिसं बाहेर आलेली असतील तर शोसाठी, म्हणजे कोंबड्यांच्या प्रदर्शनासाठी, घेऊ नका. पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं फार कठीण, चार-पाच महिने थांबावं लागतं, त्यामुळे "गॅरंटीड तलंगा" म्हणून कोवळी पिल्लं महाग विकणाऱ्याकडे जाऊ नका.

खुडूक बसण्यात हिचा हात कोणी धरणार नाही, बदकाची अंडी ठेवली तरी बसेल. स्वतःची आठ-नऊ अंडी पुरे, 21 दिवस. पण पिल्लं निघाली की आईच्या पोटाखालचे लांब केस कात्रीने आखूड करा, त्यात पिल्लाची मान अडकून गळफास बसतो. सुरुवातीला 20 टक्के प्रोटीनचं चिक स्टार्टर द्या, लेयरचं म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका, त्यातलं कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. खाद्य पावसात पंधरा दिवसांपुरतंच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुरशी लागलेला मका दिला की लिव्हर जातं. मोठ्यांना कालवांच्या शिंपल्या कुटून वेगळ्या ठेवा. पिसं झडायच्या दिवसात मीठ न लावलेला सुका जवळा मूठभर देतो मी, नवीन पिसं भरून येतात.

लसी चुकवू नका. मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस पहिल्या आठवड्यात, पुढे सहा-आठ आठवड्यांनी त्याच रोगाची आर टू बी, आणि देवीची लस. या जातीत मरेक्स (पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग) जास्त दिसतो, त्याची लस पहिल्याच दिवशी द्यायची असते म्हणून पिल्लं घेताना विचारा. बऱ्याच सिल्कींच्या डोक्याची कवटी वर फुगलेली असते, दुसरीने चोच मारली तर थेट मेंदूला लागतं, म्हणून गावठी कोंबड्यांत मिसळू नका. आणि दर रविवारी पायाची पिसं उलटी करून खवले बघा, उचललेले आणि पांढरी खपली दिसली तर ती किड आहे, पिसांमुळे आपल्याला उशिरा कळते. कोमट साबणपाण्याने धुवून, पूर्ण पुसून वॅसलीन लावा, आठवड्यात फरक नसेल तर डॉक्टरकडे जा.

आता शो. आधी विचारा जज कुठल्या स्टँडर्डने बघणार, अमेरिकन असेल तर नर साधारण एक किलोचा, ब्रिटिश असेल तर मोठा, 1.8 किलोपर्यंत. दीड-दोन महिने आधी पायाची पिसं तपासा. तुटलेलं पीस पुढच्या झडीपर्यंत तसंच राहतं, मुळासकट उपटलं तर साधारण सहा-आठ आठवड्यात नवीन येतं, म्हणून तुटकी आत्ताच काढा, आठवडाभर आधी काढून उपयोग नाही. तेव्हापासून पक्षी तुसावरच, अंगणात बिलकुल नाही. आपल्या जांभ्याचा लाल रंग पांढऱ्या सिल्कीच्या पायात एकदा बसला की शॅम्पूने पण पूर्ण जात नाही, आणि कडक उन्हाने पांढरं पीस पिवळट पडतं. डोळ्यावरचे केस कापू नका, मऊ रबराने वर बांधा.

अंघोळ दोन-तीन दिवस आधी, सकाळीच, कारण लाईट गेली तर ड्रायर बंद आणि ओली कोंबडी रात्रभर तशीच राहील. तीन टब कोमट पाणी. पहिल्यात बेबी शॅम्पू, डोकं पाण्याबाहेर, केसांच्या दिशेनेच हात फिरवा, पायाला मऊ टूथब्रश. दुसऱ्यात थोडं व्हिनेगर, साबण निघून जातो. तिसऱ्यात स्वच्छ पाणी, पांढरी असेल तर निळीचे दोन थेंबच, जास्त झाली तर निळी कोंबडी घेऊन जावं लागेल. टॉवेलने दाबून पुसा, मग ड्रायर मंद गरम, लांबून, उलट्या दिशेने फुलवत, मुळाशी हात घालून खात्री करा. नखं टोकापुरती कापा, तुऱ्याला आणि पायाच्या उघड्या खवल्यांना खोबरेलचं एक बोट.

शोच्या पिंजऱ्यात पंधरा दिवस आधीपासून रोज तासभर ठेवा आणि काठीने हलकं स्पर्श करून उभं राहायची सवय लावा, जज काठीनेच बघतो, घाबरून कोपऱ्यात दबून बसली तर गोल आकार दिसतच नाही. घरी परत आल्यावर तिला बाकीच्यांत सोडू नका, तीन आठवडे पडवीत वेगळी ठेवा, तिचं खाणं-पाणी सगळ्यात शेवटी करा आणि हात धुवूनच बाहेर या.