पाठीचा दगड घासायला सांगू नका: बोल्डर ओपल घेताना आणि जडवताना या चुका टाळा

गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, माझं खडे जडवायचं काम आहे. गेल्या श्रावणात एक मावशी खडा घेऊन आल्या. ज्योतिषानं शुक्रासाठी ओपल सांगितलेला, आणि मुलानं बोल्डर ओपल मागवून दिलेला. वरून मोरपिसासारखा निळा-हिरवा, जरा कलता केला की एका कोपऱ्यातून लाल ठिणगी. मावशींनी खडा उलटा केला आणि म्हणाल्या, "ओ दादा, निम्मा धोंडाच हाय की ह्यो! तेवढा घासून काढा, मग बसवा."

मी घासला नाही. तो धोंडा म्हणजेच बोल्डर ओपलचा 'बोल्डर'. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये विंटन, क्विल्पी, यावाह या भागांत लोहयुक्त तपकिरी दगडाच्या भेगांमधून ओपल जमलेला सापडतो. रंगाचा थर कित्येकदा एक मिलिमीटरही जाड नसतो. तो दगडापासून सोडवायला गेलात तर हातात पापुद्रा येईल, तोही तुकड्यांत. आणि रंग इतका उठून दिसतो तो मागच्या काळपट पाठीमुळंच. पाठ ही खोट नव्हे.

याच पाठीमुळं दुसरी चूक होते. 'सव्वासात रत्ती पाहिजे' म्हणून लोक वजनावर खडा घेतात. हा दगड ओपलपेक्षा जड, त्यामुळं रत्तीमागं भाव ठरवला की तुम्ही बहुतेक पैसे दगडाचेच मोजता. बोल्डर ओपल नगावर घ्यावा: रंग किती, कुठून बघितलं तरी दिसतो का, की एकाच बाजूनं चमकून विझतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच सुंदर दिसतं. खडा घेऊन पायरीवर या, सावलीत धरा. तिथंही जो पेटलेला दिसतो तो चांगला.

आता चिकटवलेल्या मालाबद्दल. ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवली की डब्लेट, त्यावर काच किंवा स्फटिकाची टोपी घातली की ट्रिप्लेट. सांगून विकलं तर त्यात वावगं काही नाही, पण भाव बोल्डरचा लावतात तिथं गडबड. खडा आडवा धरून कडेनं भिंगातून बघा. नैसर्गिक खड्यात ओपल आणि दगड यांची सीमा बहुधा वेडीवाकडी असते, एकमेकांत शिरलेली. पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ दिसली तर संशय घ्या. म्हणून बंद कोंदणात आधीच बसवलेला खडा मी कुणाला घ्यायला सांगत नाही. कडच दिसत नाही तर बघायचं काय?

आकाराचा हट्टही महागात पडतो. रंगाचा थर लाटेसारखा वर-खाली जातो, आणि कारागीर पाण्याखाली हिऱ्याच्या चाकावर त्या लाटेमागं हळूहळू जातो. म्हणून हे खडे ओबडधोबड आकाराचे असतात, वरचा पृष्ठभागही सपाट नसतो. त्याला मोजून अंडाकृती करायला लावलं की कुठंतरी रंग संपून खालचा दगड उघडा पडतो. कानातल्यांसाठी जोडी हवी असेल तर 'स्प्लिट' मागा. दगड ओपलच्या शिरेवरच फोडला की दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी एकच नक्षी येते.

सर्वांत जास्त खडे मरतात ते आगीनं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी स्वतः एक मारलाय. अंगठी घट्ट होत होती, घरात साखरपुडा, गिऱ्हाईक दारात उभं. खडा न काढता त्याच्याभोवती ओला कापूस गुंडाळला आणि पट्टी कापून मागच्या बाजूनं झाळायला घेतली. 'टिच्' असा बारीक आवाज झाला. कापूस काढला तर खड्याच्या मधोमध केसाएवढी रेघ. ओपलमध्ये पाणी असतं, आणि एकदम उष्णता लागली की तो तडकतो. खडा भरून द्यावा लागला. तेव्हापासून नियम एकच: आधी खडा बाहेर, मग आग. जडवताना दागिना लाखेच्या काठीवर बसवायची आपली जुनी रीतही इथं नको, कारण शेवटी लाख सोडवायला पुन्हा ज्योतच लागते. मी लाकडी पकडीत अंगठी धरतो.

कोंदण बंद कडेचं घ्या, नुसत्या पंजांवर हा खडा ठेवू नका. पाठ खडबडीत असते, त्यामुळं खाली बैठक नीट जुळवली नाही तर खडा डुलतो आणि कड दाबताना मोडतो. कातडीला टेकावा म्हणून खाली खिडकी ठेवता येते. फक्त टेकणार तो दगड, ओपल नव्हे. शुक्राला चालतं का ते गुरुजींना विचारा. धातूला चकाकीही खडा बसवण्याआधीच आणून घ्या, बफवर म्हणजे चकाकी आणायच्या फिरत्या चाकावर खडा तापतो.

धुण्याचं सोपं आहे. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफ नको. कोरड्या फडक्यानं धूळही पुसू नका: धुळीतल्या स्फटिकाच्या कणांची कठीणता ७, ओपलची साडेपाच ते साडेसहा, म्हणजे पुसता पुसता ओरखडे. तेलात किंवा पाण्यात बुडवून ठेवायची गरज नाही. डब्लेट तसा ठेवलात तर आतला डिंक पांढरट पडेल. शुक्रवारी घालण्याआधी कच्च्या दुधात क्षणभर बुडवलात तर बोल्डर ओपलला काही होत नाही, मात्र इथिओपियाचा ओपल असेल तर थांबा. तो बहुधा पाणी शोषतो, तेल-दूध लागलं की रंग बिघडतो.

मावशींची अंगठी झाली. माप मात्र मी दोनदा घेतलं, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी उन्हातून आल्यावर. बोट फुगतं तेवढी जागा आधीच ठेवली की पुन्हा आगीपाशी जायची वेळ येत नाही.