अमेरिकेतल्या कोचला मार्क कळवताना

माण-खटावच्या माळावर धावणारी मुलं-मुली आता अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कोचना व्हिडिओ आणि वेळा पाठवतात. गाडी अडते ती मार्कांपाशी.

कोचला दहावी-बारावीच नव्हे, नववी ते बारावी चारही वर्षांचा अभ्यास पाहायचा असतो. नववी आणि अकरावीचा निकाल बोर्डाकडे नसतो, शाळेकडेच असतो. तो शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा, मूळ प्रतही सोबत हवी.

टक्के स्वतः जीपीएत (अमेरिकेतली ग्रेडची सरासरी, बहुधा ४ पैकी) बदलू नका. तिकडे साठ टक्के म्हणजे जेमतेम, आपल्याकडे प्रथम श्रेणी. त्यामुळे मार्कांसोबत मोजपट्टी द्या. समजा क्रीडा गुण, म्हणजे खेळातल्या कामगिरीचे जादा मार्क, १५ मिळाले आहेत, तर इंग्रजीत असं लिहा: महाराष्ट्र बोर्ड, कोल्हापूर विभाग, दहावी, ५०० पैकी ४१२, क्रीडा गुण १५ वेगळे, उत्तीर्ण ३५ टक्के, प्रथम श्रेणी ६० टक्के, विशेष प्रावीण्य ७५ टक्के. हे १५ मिळवले की ८५.४० टक्के होतात, पण अभ्यासाचे ८२.४०च. क्रीडा गुण मिसळून सांगितलेला आकडा पुढे विषयवार मार्कांच्या बेरजेशी जुळत नाही, आणि कोचचा विश्वास तिथेच उडतो. शिवाय ५०० ही बेरीज सर्वोत्तम पाच विषयांची असते. सहाही विषयांचे मार्क द्या.

विषयांची निवड मार्कांइतकीच महत्त्वाची. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन एक या सर्वांत वरच्या गटासाठी १६ मुख्य विषय-वर्षं (एक विषय एक वर्ष शिकला की एक) लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, समाजशास्त्रं २, आणखी एक इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचं, उरलेली चार याच गटांतून किंवा परदेशी भाषेसारख्या विषयांतून. या विषयांचा किमान जीपीए २.३. सरावाला वेळ मिळावा म्हणून अकरावीला कला शाखा घेऊन गणित सोडलं, तर नववी-दहावीची दोनच वर्षं हाती राहतात. कला शाखेतही गणित व संख्याशास्त्र घेता येतं. आपल्या ज्युनिअर कॉलेजात तो विषय शिकवतात का, हे प्रवेशाआधी विचारा.

अकरावी अनेकांची घसरते, कारण ती फक्त पास व्हायची मानतात. घसरली असेल तर लपवू नका. स्पर्धेच्या तारखा देऊन एका वाक्यात कारण सांगा आणि बारावीच्या चाचणीचे मार्क जोडा.

कॉमन ॲपमध्ये (अनेक अमेरिकन कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) अभ्यासक्रम किती कठीण होता हे शाळेने भरायचं असतं. मुख्याध्यापकांना महिनाभर आधी भेटा आणि शाळेत कोणते विषय उपलब्ध होते त्याची यादी हातात द्या. ती नसेल तर त्यांना तुलनाच करता येत नाही.