रडार डिटेक्टर उगाच ओरडतोय? या चुका टाळा

पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारचा इशारा देणारा डिटेक्टर लावून कोल्हापूरहून बेळगावला निघालं, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की यंत्र एकदा ओरडतं. निपाणीत शिरताना पुन्हा, आणि संकेश्वरच्या अलीकडे एखादी परदेशी बनावटीची गाडी शेजारून गेली की तिसऱ्यांदा. वंटमुरी घाट उतरेपर्यंत माणूस कंटाळून आवाज बंद करतो, आणि जो एक इशारा खरंच ऐकायचा होता तोही त्यात जातो. यंत्र सहसा बिघडलेलं नसतं. ते अमेरिकेतल्या रस्त्यांसाठी केलेल्या सेटिंगवर चालू असतं, चुकीच्या जागी बसवलेलं असतं, आणि त्याच्याकडून जे होणार नाही त्याची अपेक्षा धरलेली असते.

डिटेक्टर वेग मोजतो, असं धरून चालणं

वेग मोजते ती पोलिसांची रडार गन. समजा ती 24.15 गिगाहर्ट्झवर लहर सोडते. समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून परत येताना त्या लहरीची वारंवारता किंचित वाढते, ताशी 1 किलोमीटरला सुमारे 45 हर्ट्झ. म्हणजे ताशी 100 किलोमीटरला साधारण 4,475 हर्ट्झ. हा फरक मोजून गन वेग दाखवते.

डिटेक्टरला यातलं काहीच करायचं नसतं. तो नुसता रेडिओ आहे. पुढं कर्ण्याच्या आकाराचा अँटेना, आत स्वतःची छोटी लहर तयार करणारा ऑसिलेटर, दोन्ही लहरी मिसळणारा मिक्सर आणि शेवटी आलेला संकेत ओळखीचा आहे का हे ठरवणारी चिप. ठरलेले पट्टे तो सेकंदात अनेकदा चाळतो. त्याला कळतं ते एवढंच: कुठल्या वारंवारतेची लहर आली आणि ती किती जोरात आली. लहर पोलिसाच्या गनमधून आली की इस्पितळाच्या आपोआप उघडणाऱ्या दारातून, हे तो अंदाजानं ठरवतो. त्यामुळे ‘खोटा इशारा’ बहुतेक वेळा खोटा नसतोच. लहर खरी असते, फक्त ती पोलिसांची नसते.

गनच्या आधी डिटेक्टरला सुगावा लागतो, याचं कारणही साधं आहे. गनला लहर जाऊन परत यावी लागते, डिटेक्टरला नुसती पोहोचली तरी पुरते. पण गन सतत चालू असेल तरच याचा फायदा. समोर गाडी आल्यावरच बटण दाबणाऱ्यापुढं तो फायदा शून्य.

सगळे बँड चालू ठेवणं

डब्यातून काढलेल्या यंत्रात बहुधा सगळे बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, चालू असतात. प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे.

एक्स बँड, 10.5 ते 10.55 गिगाहर्ट्झ: बंद करा. या पट्ट्यातल्या गन जगभरात जवळजवळ वापरातून गेल्यात, पण जुन्या स्वयंचलित दारांचे आणि चोरघंटीचे सेन्सर 10.525 वरच असतात. एवढ्या एका बदलानं बाजारपेठेतला बराच गोंगाट जातो.

के बँड, 24.05 ते 24.25 गिगाहर्ट्झ: त्रास सगळ्यात जास्त इथला, तरीही हा बंद करायचा नाही. रडार गन आणि रडार कॅमेरे याच पट्ट्यात सापडतात. नवी स्वयंचलित दारं, ‘तुमचा वेग’ दाखवणारे फलक आणि गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही (आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारे) इथंच. त्यामुळे हा बँड बंद न करता गाळून ऐकायचा.

का बँड, 33.4 ते 36 गिगाहर्ट्झ: अमेरिकेत या पट्ट्यात 33.8, 34.7 आणि 35.5 च्या आसपास गन चालतात. आपल्याकडे का बँडचा इशारा आला तर आधी संशय घ्यावा तो शेजारच्या गाडीतल्या स्वस्त डिटेक्टरचा. त्याच्या ऑसिलेटरची लहर नीट झाकलेली नसली तर बाहेर गळते आणि तुमचं यंत्र तीच पकडून ओरडतं. यंत्रात ‘का नॅरो’ किंवा सेगमेंटची (का बँडचे ठरावीक तुकडेच ऐकण्याची) सोय असेल तर ती वापरा.

केयू बँड बंदच ठेवा. युरोपातल्या कमी ताकदीच्या कॅमेऱ्यांसाठी एमआरसीडी किंवा गॅटसो नावाची सेटिंग असते, तीही बंद. ती चालू ठेवली तर के बँडमध्ये यंत्र नको इतकं हळवं होतं.

मैल आणि किलोमीटरची गफलत

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, पण फार दिसते. कमी वेगात आवाज बंद ठेवायची सेटिंग माणूस 60 वर ठेवतो आणि एकक मैलात राहतं. 60 मैल म्हणजे ताशी जवळजवळ 97 किलोमीटर. मग यंत्र राष्ट्रीय महामार्गावरसुद्धा गप्प बसतं आणि मालक म्हणतो, खराब निघालं.

आधी एकक बदला. मग म्यूटचा वेग 50 ठेवा. महापालिका, नगरपालिका हद्दीत आणि साध्या रस्त्यांवर कारसाठी केंद्राची कमाल मर्यादा 70 आहे, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100. मालवाहू वाहनाला हेच आकडे 60 आणि 80. राज्याला यापेक्षा कमी मर्यादा लावता येते, म्हणून ‘निधानवागि चलिसि’ (कन्नडमध्ये ‘सावकाश चालवा’) या पाटीजवळ लावलेला आकडा बघायचा, तोंडपाठ आकड्यावर विसंबायचं नाही.

चुकीच्या जागी बसवणं

रडारची लहर काचेतून जाते, धातूतून जात नाही. आरशाच्या मागं, वायपरच्या रेषेत किंवा डॅशबोर्डवर खाली ठेवलेल्या यंत्राची नजर अर्धी झाकलेली असते. काचेच्या आत, आरशाच्या शेजारी, पुढचा रस्ता सरळ दिसेल अशा उंचीवर ते लावा. ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येणार नाही हे बघा. यंत्र जमिनीशी समांतर हवं. नाक खाली झुकलं तर बोनेटवरून परावर्तित झालेल्या लहरी पकडतं, वर गेलं तर आकाश ऐकतं. यंत्रातला लेझर गन ओळखणारा सेन्सर तर दिसेल तेवढंच ऐकतो, त्याच्यापुढं फास्टॅगचा कागद आला तरी तो आंधळा.

काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर रेंज कोसळते. काही गाड्यांच्या काचेतच असा थर असतो. तिथं आरशाभोवतीचा थर नसलेला तुकडा शोधावा, गाडीच्या पुस्तिकेत तो दाखवलेला असतो.

उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीत रबरी कप सुटून यंत्र खाली पडतं. कप कोमट पाण्यानं धुऊन पुसा, काचही स्पिरिटनं पुसून घ्या. गाडी दुपारभर उन्हात राहणार असेल तर यंत्र काढून ठेवलेलं बरं, स्क्रीन आधी जाते.

वीज आणि डॅशकॅम

बहुतेक डिटेक्टर 12 व्होल्टवर चालतात. ट्रक, बस आणि मोठ्या टिपरमध्ये 24 व्होल्ट असतात. सरळ लायटरच्या सॉकेटात घातलं तर वॉरंटी आणि यंत्र दोन्ही जातात. मध्ये 24 ते 12 चा कन्व्हर्टर लावा.

कायमची वायरिंग करायची असेल तर चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप लावून, 2 अँपिअरचा वेगळा फ्यूज घालून घ्या. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू देऊ नका, वायरमन कितीही ‘काय होत नाही’ म्हणाला तरी.

अधूनमधून जीपीएस हरवतो, लॉक केलेली (यंत्राला गप्प राहायला शिकवलेली) ठिकाणं विसरली जातात, म्यूट चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी डॅशकॅम आणि स्वस्त यूएसबी चार्जर बघा. त्यांचा विजेचा गोंगाट 1575.42 मेगाहर्ट्झच्या जीपीएस संकेताला मारतो. तपासणी सोपी: दोन्ही काढा आणि मोकळ्या जागी पाच मिनिटं थांबून उपग्रह सापडतात का बघा. सापडले तर एक-एक परत लावा. जो लावल्यावर संकेत जातो तोच गुन्हेगार. डॅशकॅम काचेच्या दुसऱ्या बाजूला हलवला तर पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

दोष भलत्याच वस्तूवर टाकणं

टोलनाक्यावर यंत्र बोललं की लोक फास्टॅगला नावं ठेवतात. फास्टॅगचा रीडर 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालतो, डिटेक्टरच्या पट्ट्यांपासून कितीतरी दूर. हत्तरगी किंवा हिरेबागेवाडीच्या रांगेत इशारा येतो तो बहुधा पुढच्या-मागच्या गाडीच्या सेन्सरचा. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळाचंही तेच. विमानांच्या ओळखीसाठीची लहर 1030 आणि 1090 मेगाहर्ट्झची, विमानातलं उंची मोजणारं रडार 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झचं. यातलं काहीच यंत्राच्या कानावर पडत नाही.

खरा उपद्रव आहे तो गाड्यांचा. एडास (ड्रायव्हरला मदत करणारी स्वयंचलित यंत्रणा) असलेल्या गाडीचं पुढचं रडार बहुतेक 76-77 गिगाहर्ट्झचं असतं, ते डिटेक्टरला ऐकूच येत नाही. पण मागच्या बंपरच्या कोपऱ्यातले ब्लाइंड स्पॉट सेन्सर, विशेषतः थोड्या जुन्या मॉडेलचे, 24 गिगाहर्ट्झवर असतात. अशी गाडी पुढं असली की के बँडचा इशारा येतो, जातो, पुन्हा येतो, आणि तिला ओव्हरटेक केलं की थांबतो. तुमच्याच गाडीत असे सेन्सर असले तर संशयित घरातच आहे. मेनूतून ब्लाइंड स्पॉट बंद करून सारख्याच रस्त्यावर एक फेरी मारा, फरक लगेच कळतो. तपासणी झाली की ते परत चालू करायला विसरू नका. त्या सेन्सरची किंमत डिटेक्टरच्या शांततेपेक्षा जास्त आहे.

फिल्टर सगळे एकदम लावणं

टीएसएफ (रस्त्यावरचे वाहतुकीचे सेन्सर गाळणारा), के-फिल्टर (के बँडचा गोंगाट गाळणारा), बीएसएम फिल्टर (ब्लाइंड स्पॉट सेन्सर गाळणारा), सिटी मोड (शहरात यंत्र कमी हळवं करणारा) हे सगळं एकाच दिवशी चालू केलं तर कशानं काय झालं ते कळत नाही. शिवाय प्रत्येक फिल्टर इशारा द्यायला थोडा उशीर करतो, कारण संकेत टिकतो का हे त्याला तपासावं लागतं. ताशी 100 च्या वेगात एका सेकंदाला गाडी जवळजवळ 28 मीटर जाते.

पहिला आठवडा बीएसएम फिल्टर चालू, बाकी बंद. स्क्रीनवर वारंवारता दाखवण्याची सोय चालू करा आणि प्रत्येक इशाऱ्याची नोंद शेजारी बसलेल्याकडून करून घ्या: ठिकाण, आकडा, जोर कसा वाढला. दुसऱ्या आठवड्यात टीएसएफ जोडा. फरक पडला नाही तर तो काढा. सिटी मोड फक्त शहरात ठेवा. बेळगावात टिळकवाडी, खडेबाजार, काँग्रेस रोडवर तो उपयोगी, पण काकतीच्या पुढं निघताना हायवे मोडवर यायला हवं. जीपीएस असलेल्या यंत्राला ‘ऑटो’ दिलं की ते हे स्वतः करतं.

नोंदींवरून स्रोत ओळखता येतो. एकाच जागी, तोच आकडा, दोन-चार मेगाहर्ट्झच्या फरकानं, दोन्ही दिशांना: दार किंवा फलक. आकडा बदलता, जागा बदलती, येता-जाता: गाडी. हळूहळू वाढत जाणारा, डोंगर किंवा वळण ओलांडल्यावर एकदम जोरात येणारा इशारा मात्र ऐका. घाटात कड्यावरून आपटून आलेली क्षीण लहर लोक ‘फॉल्स’ म्हणून सोडून देतात, आणि तीच कधीकधी वळणापलीकडच्या खऱ्या रडारची असते.

लॉकआउटची घाई

जीपीएस लॉकआउट म्हणजे यंत्राला ‘इथं, या आकड्यावर गप्प राहा’ असं शिकवणं. पहिल्याच फेरीत बटण दाबू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा तोच आकडा आला तरच लॉक करा. शोरूमचं दार रात्री बंद असतं, म्हणून एक फेरी रात्रीही हवी. महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यावर लॉक करूच नका, कारण त्या वारंवारतेच्या आसपासची खरी गनही मग तिथं मुकी होते.

कॅमेऱ्यांचा आयता डेटाबेस अमेरिकेचा असेल तर तो बंद ठेवा. आणि वर्षातून एकदोनदा संगणकाला जोडून फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. नव्या गाड्यांच्या सेन्सरची ओळख त्यातूनच येते.

चाचणीसाठी टीव्हीचा रिमोट

लेझर सेन्सर चालतो का हे बघायला रिमोट दाखवतात. रिमोट 940 नॅनोमीटरवर, 38 किलोहर्ट्झच्या ठोक्यांनी चालतो. लेझर गन 905 च्या आसपास, आणि तिच्या ठोक्यांचा वेग अगदी वेगळा. यंत्र गप्प राहिलं तर ते बरोबरच आहे. चालू करताना होणारी सेल्फ टेस्टसुद्धा दिवे आणि भोंगा तपासते, अँटेना नाही. के बँड तपासायला स्वयंचलित दार असलेल्या दुकानासमोरून गाडी सावकाश न्या.

‘चलान आलं, पण हा बोललाच नाही’

पोलिसांच्या इंटरसेप्टर (रस्त्यावर वेग तपासणाऱ्या) गाडीत बहुधा लेझर गन असते. तिचा झोत 300 मीटरवर जेमतेम एक मीटर रुंद, आणि तो नंबर प्लेटवर धरलेला. वेग मोजायला तिला सेकंदाचा तिसरा भाग पुरतो. ताशी 100 च्या वेगात तेवढ्यात गाडी साधारण नऊ मीटर जाते. लेझरचा इशारा आला म्हणजे आकडा बहुतेक निघालेला असतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो खोटाही येतो, तेव्हा यंत्र एक-दोन अंश फिरवून बघा. दोन कॅमेऱ्यांमधल्या वेळावरून सरासरी वेग काढण्याच्या पद्धतीत तर लहरच नसते. तिथं हजारो रुपयांचं यंत्रही काही बोलणार नाही.

चलान वादग्रस्त वाटलं तर डिटेक्टरची नोंद पुरावा म्हणून चालेल अशी आशा धरू नका. उपयोगी पडतो तो केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 2021 साली आलेला नियम 167अ. त्यानुसार वेग मोजणाऱ्या यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. जिथं यंत्र लावलंय तिथं तशी पाटी हवी आणि सूचना 15 दिवसांत पोहोचायला हवी. वेगासाठीचा दंड कलम 183 खाली, हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 रुपये, मध्यम आणि जड वाहनाला 2,000 ते 4,000. गाडी KA-22 (बेळगाव) असो की MH-09 (कोल्हापूर), कायद्यातली ही मर्यादा दोघांना सारखीच.

एक शेवटचं: ‘जॅमर’ म्हणून विकलं जाणारं यंत्र डिटेक्टर नव्हे. ते ऐकत नाही, लहर सोडतं, आणि परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. परदेशातून साधा डिटेक्टर मागवला तरी बिनतारी उपकरण म्हणून तो कस्टममध्ये अडकू शकतो. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तर डिटेक्टर वापरण्यावरच बंदी आहे, तिकडं जाताना बॅगेतून नेऊ नका.