मूल बुटकं वाटतंय? इंजेक्शनआधी भिंत, पेन्सिल आणि वही

आधी उंची नीट मोजा. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा. टाचा, ढुंगण आणि खवाटे भिंतीला लागलेले, नजर समोर. मुलीचा अंबाडा सोडा, त्यात दोन सेंटिमीटर सहज लपतात. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरा, खालच्या कडेला खूण करा, तारखेसकट वहीत लिहा. मोजमाप सकाळीच करा, संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. सहा महिन्यांनी पुन्हा, त्याच भिंतीवर.

मी कराडकडची मुलांची डॉक्टर. जून उजाडला की पालक येतात: "प्रार्थनेच्या रांगेत हा कायम पहिला, काहीतरी द्या." माझा पहिला प्रश्न असतो, गेल्या वर्षात किती वाढला? कारण आज उंची किती आहे त्यापेक्षा वाढीचा वेग जास्त बोलतो. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. तेवढं वाढत असेल, तर रांगेत पहिलं असलं तरी बहुतेक वेळा घाई नसते. ४ पेक्षा कमी भरलं, किंवा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या उंचीच्या तक्त्यात मूल सगळ्यात खालच्या, म्हणजे ३ टक्क्यांच्या रेषेच्याही खाली असलं, तर दाखवायला या.

मग घरची उंची काढा. आईबापांच्या उंचीची सरासरी, मुलगा असेल तर त्यात साडेसहा मिळवा, मुलगी असेल तर वजा करा. वडील १६२, आई १५० असतील तर मुलाचा अंदाज १६२.५, आठेक सेंटिमीटर इकडे-तिकडे. आमच्या भागात इथं लगेच पोलीस भरतीचे १६५ आठवतात. भरतीसाठी उंची वाढवणाऱ्या हॉर्मोनचं इंजेक्शन मागणारे बाप मी पाहिलेत, आणि नाही म्हणून परतही पाठवलेत.

वडिलांना आणखी एक विचारते: मिसरूड कधी फुटलं? "बारावीनंतर एकदम वाढलो" असं उत्तर आलं की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. असं मूल उशिरा वयात येतं आणि उशिराच वाढतं. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढला की हाडांचं वय मागे दिसतं. म्हणजे वाढायला वेळ शिल्लक आहे.

वेग खरंच कमी असेल तर रक्त, लघवी, मूत्रपिंड, थायरॉइड आणि सीलिअक आजाराच्या (गव्हामुळे आतड्याला होणाऱ्या त्रासाच्या) तपासण्या आधी. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमधला, उंची खुंटवणारा गुणसूत्राचा दोष) गुणसूत्रांची तपासणी टाळू नका. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर न लपवता सांगा. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर भराभर वाढणारी मुलं असतात, त्यांना महागडं काही लागतच नाही. उंची वाढवणारी पावडर मात्र कुणालाच लागत नाही.

ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे शरीरातलं वाढीचं हॉर्मोन, खरंच कमी असेल, तर ते जरूर द्या, आणि लवकर द्या. फुटबॉलपटू मेस्सीचं उदाहरण सगळे देतात; त्याला ही कमतरता होती, हे विसरतात. टर्नरमध्येही त्याचा उपयोग होतो. पण मूल निरोगी आहे, नुसतंच ठेंगणं आहे, तर? अमेरिकेत २००३ पासून अगदी बुटक्या निरोगी मुलांनाही ते देण्याची परवानगी आहे. त्यातून मिळतात सरासरी पाचेक सेंटिमीटर, तेही काही वर्षं बहुधा रोज रात्री सुई टोचून. औषध फ्रिजमध्ये जपायचं, डोस वजनावर, त्यामुळे मूल वाढतं तसा खर्चही वाढतो. डोकेदुखी, साखर वाढणं, खुब्याचं हाड सरकणं यावर लक्ष ठेवायचं. माझं मत विचाराल तर अशा मुलाला मी सहसा देत नाही. मुलाला एकट्याला बसवून विचारते, तुला काय वाटतं? बऱ्याचदा त्याला उंचीचं काही नसतं, चिडवणाऱ्या पोरांचं असतं. त्यासाठी वर्गशिक्षकांना भेटा.

हाडांची टोकं जुळली की कुठलंच इंजेक्शन उंची वाढवत नाही, म्हणून दाखवायचं असेल तर दहावी होईपर्यंत थांबू नका.

येताना जन्माच्या वजनाची नोंद, शाळेतल्या आरोग्य तपासणीचे कागद आणि ती वही आणा. आईवडील दोघंही या. मी दोघांनाही मोजते. वडिलांनी सांगितलेली उंची भिंतीपाशी बहुतेकदा दोन-तीन सेंटिमीटर उतरते.