इंग्लंडमधल्या फ्लॅटची लीज कशी वाढवावी

इंग्लंड किंवा वेल्समध्ये फ्लॅट घेतला म्हणजे बहुतेक वेळा आपण ठरावीक वर्षांची लीज, म्हणजे भाडेपट्टा, घेतलेली असते. इमारत आणि जमीन मूळ मालकाची, म्हणजे फ्रीहोल्डरची राहते. मुंबईत म्हाडाच्या किंवा सरकारी जमिनीवरच्या सोसायट्यांचेही भाडेपट्टे संपतात, पण तिथे नूतनीकरणाची धावपळ सोसायटीची कमिटी करते. इथे ज्याची लीज त्यानंच बघायची. हॅरो, स्लाव, हाउन्स्लो भागात 2000 नंतरच्या दशकात फ्लॅट घेतलेल्या आपल्या लोकांनी तर हे आजच बघावं, कारण त्या काळातल्या 99 वर्षांच्या लीज आता 80 वर्षं उरण्याच्या रेषेजवळ आल्या आहेत. या रेषेखाली गेलात की लीज वाढवायचा खर्च एकदम चढतो.

पहिलं काम: नेमकी किती वर्षं उरली ते बघा

लँड रजिस्ट्री म्हणजे जमीन-घरांच्या मालकीची नोंद ठेवणारं सरकारी खातं. त्याच्या संकेतस्थळावरून आपल्या फ्लॅटच्या टायटल रजिस्टरची (मालकीच्या नोंदीची) आणि लीजची प्रत काढा. थोडे पौंड लागतात. त्यात लीजची मुदत आणि ती कुठल्या तारखेपासून मोजायची, हे लिहिलेलं असतं. करारावर सह्या झाल्या ती तारीख आणि मुदत सुरू होण्याची तारीख वेगळी असू शकते. मुदत पुष्कळदा 25 मार्च, 24 जून, 29 सप्टेंबर किंवा 25 डिसेंबर या तिमाहीच्या जुन्या तारखांपासून धरलेली असते आणि कधी कधी ती सह्यांच्या दोन-तीन वर्षं आधीची असते. फ्लॅट 2009 साली घेतला, म्हणून लीजही 2009 ची, असं धरून चालू नका. 99 वर्षांची लीज 24 जून 2007 पासून असेल, तर 80 वर्षांची रेषा जून 2026 मध्येच येते.

80 चा आकडा का महत्त्वाचा

लीज वाढवताना फ्रीहोल्डरला प्रीमियम, म्हणजे एकरकमी मोबदला, द्यावा लागतो. त्यात दोन गोष्टी नेहमीच असतात: त्याचं बुडणारं ग्राउंड रेंट (लीजपोटी त्याला दरवर्षी द्यायचं जमिनीचं भाडं), आणि फ्लॅट त्याच्याकडे परत जायला आता आणखी 90 वर्षं लागणार याची भरपाई. 80 किंवा त्याहून कमी वर्षं उरली असतील तर तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढते, त्यातून वरच्या दोन गोष्टींची रक्कम वजा करून जे उरतं, त्यातला निम्मा वाटा फ्रीहोल्डरला जातो.

एक काल्पनिक हिशेब बघा. फ्लॅटची लांब लीजवरची किंमत 3 लाख पौंड, ग्राउंड रेंट वर्षाला 200 पौंड. 81 वर्षं उरलेली असताना प्रीमियम साधारण 9,000 पौंड येतो. 79 वर्षांवर, आखूड लीजमुळे फ्लॅटची किंमत 2,82,000 पौंडच धरली, तर तोच आकडा 14,000 च्या जवळ जातो. फरक दोन वर्षांचा, पण रक्कम दीडपट. त्यातच लीज 70 च्या खाली गेली की बऱ्याच बँका कर्ज देताना हात आखडता घेतात, आणि विकायला काढल्यावर गिऱ्हाईक मिळणं अवघड होतं.

तोंडी सौदा की कायद्याची नोटीस

रस्ते दोन आहेत. एक म्हणजे फ्रीहोल्डरशी आपसात बोलून ठरवणं. दुसरा म्हणजे 1993 च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्याच्या कलम 42 खाली नोटीस देणं. कायद्याच्या रस्त्यानं उरलेल्या मुदतीत 90 वर्षांची भर पडते आणि ग्राउंड रेंट शून्य होतं. आपसातल्या सौद्यात फ्रीहोल्डर जे देईल ते: कधी मुदत फक्त 99 किंवा 125 पर्यंत नेतो, कधी जुनी मुदत संपेपर्यंत ग्राउंड रेंट चालूच ठेवतो. प्रस्ताव स्वस्त दिसतो, पत्र गोड असतं, आणि बोलणी लांबत लांबत 80 ची रेषा उलटून जाते. त्यात तुम्हाला कसलंही संरक्षण नसतं. माझं मत स्पष्ट आहे: खर्च थोडा जास्त झाला तरी नोटीसच द्या. आपसात बोलायचंच असेल, तर नोटीस पोचल्यावर बोला.

पूर्वी फ्लॅट दोन वर्षं नावावर असल्याशिवाय नोटीस देता येत नसे. ती अट 31 जानेवारी 2025 पासून गेली. मूळ लीज 21 वर्षांहून जास्त मुदतीची असली की पुरे. तुम्ही त्या फ्लॅटमध्ये राहत असायलाच हवं, असंही नाही. पुण्याला परत आलेल्या आणि तिकडचा फ्लॅट भाड्यानं दिलेल्या माणसालाही हा हक्क आहे. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांच्या नावानं जाते.

2024 च्या नव्या कायद्यात 990 वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द करणं या तरतुदी आहेत, पण कायदा मंजूर झाला म्हणजे त्यातलं प्रत्येक कलम लगेच लागू होतं असं नाही. या दोन तरतुदी लागू झाल्या आहेत का, ते सॉलिसिटरला (वकिलाला) विचारा. झाल्या नसतील आणि तुमची लीज 82-83 वर्षांवर असेल, तर त्यांच्या भरवशावर थांबू नका. 80 च्या बरीच खाली गेली असेल आणि विकायची घाई नसेल, तर थांबायचं की नाही हा विचार सॉलिसिटरबरोबर बसून करा.

माणसं नेमा, मग नोटीस

सॉलिसिटर आणि सर्व्हेयर दोघंही लीज वाढवण्याचंच काम नेहमी करणारे हवेत. घरखरेदीची कागदपत्रं करणारा सॉलिसिटर चांगला असला तरी या मुदतींचा त्याला सराव असेलच असं नाही. प्राथमिक माहितीसाठी सरकारच्या पैशांवर चालणारी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस फुकट सल्ला देते.

सर्व्हेयर, म्हणजे मालमत्तेचं मूल्यांकन करणारा, प्रीमियमचा अंदाज काढतो. नोटिशीत त्यापेक्षा कमी आकडा घालतात, पण तो पटण्याजोगा हवा. अगदीच हास्यास्पद आकड्यामुळे नोटीस रद्द ठरू शकते. नोटीस पोचली ती तारीख मूल्यांकनाची तारीख ठरते. त्यानंतर बोलणी वर्षभर चालली तरी तुमचं 80 वरचं स्थान जात नाही. फ्रीहोल्डर तुमच्याकडे अनामत मागू शकतो: नोटिशीतल्या आकड्याचे 10 टक्के किंवा 250 पौंड, यातली जी रक्कम मोठी असेल ती. त्याच्या सॉलिसिटरचा आणि सर्व्हेयरचा वाजवी खर्चही तुमच्याच माथी येतो, तो आधीच बजेटमध्ये धरा.

फ्रीहोल्डरला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. त्यानं मुदतीत उत्तर दिलं नाही, तर तुम्ही काउंटी कोर्टात जाऊन तुमच्या नोटिशीतल्या अटींवर लीज मागू शकता. उत्तर आलं तर त्यात बहुतेक वेळा हक्क मान्य असतो आणि आकडा फुगवलेला असतो. घाबरायचं कारण नाही, दोन्ही सर्व्हेयर बसून मधला आकडा काढतात. नाहीच जमलं तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करायचा, आणि तो उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत चुकली तर नोटीस बाद होते, बारा महिने नवी देता येत नाही, आणि मूल्यांकनाची तारीखही हातची जाते. बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात, तरी अर्ज वेळेत टाकलेलाच असावा. सॉलिसिटरला ही तारीख लेखी विचारून आपल्या कॅलेंडरवर स्वतः टाका.

मध्येच फ्लॅट विकायचा झाला तर नोटीसही घेणाऱ्याच्या नावे करून देता येते. मात्र ते विक्रीबरोबरच झालं पाहिजे, नंतर नाही.

शेवटची नोंद

आकडा ठरला की नवी लीज तयार होते, पैसे दिले जातात आणि लँड रजिस्ट्रीत नोंद होते. गृहकर्ज असेल तर बँकेचं गहाण नव्या लीजवर येतं, बँकेला तसं कळवावं लागतं. नोंद झाल्यावर नव्या टायटल रजिस्टरची प्रत काढून शेवटचं वर्ष तपासा: 2106 ला संपणारी लीज आता 2196 ला संपायला हवी. इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडून पुढच्या वेळीही सवयीनं ग्राउंड रेंटची मागणी आली, तर नव्या लीजची प्रत जोडून ती परत पाठवा. सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) मात्र पूर्वीसारखाच भरायचा असतो.