सीए-१२५ करायला जाण्याआधी

एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या बाईला डॉक्टर सीए-१२५ ही रक्ताची चाचणी लिहून देतात आणि घरात लगेच ‘कॅन्सरची टेस्ट’ म्हणून कुजबुज सुरू होते. ही भीती कमी व्हावी म्हणून रक्त देण्याआधीच काही गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली म्हणजे पाळीची तारीख. पाळी चालू असताना हा आकडा वाढलेला येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना घाई नसेल तर पाळी संपल्यावर काही दिवसांनी जा. उपाशी राहायची गरज नाही. सोबत शुगर वगैरे लिहिली नसेल तर सकाळचे पोहे खाऊन गेलात तरी चालतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो. आणि लॅब एकच ठेवा. मागच्या वेळी पलासियात आणि यंदा राजवाड्याजवळ असं केलं, तर पद्धत वेगळी असू शकते आणि दोन आकड्यांची तुलना फसवी ठरते.

रिपोर्ट हातात आला की डोळे ठळक ‘एच’वर (म्हणजे ‘हाय’, वाढलेला) आणि शेजारच्या ३५ या मर्यादेवर जातात. तिथे जरा थांबा. सीए-१२५ हे प्रथिन आहे. पोटाच्या आतल्या अस्तराला, गर्भाशयाला, गर्भनलिकांना सूज आली तरी ते रक्तात वाढतं. चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणारी गाठ), फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने, ओटीपोटातलं इन्फेक्शन, लिव्हरचा आजार, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा पोटाचा टीबी, या सगळ्यांत आकडा ३५ ओलांडू शकतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये कधी शंभरावरही जातो. उलट, अंडाशयाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मल असतो.

म्हणूनच, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतं कसं?’ असं घरी कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. नॉर्मल आकड्याने एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही आणि तुमचं दुखणं खोटं पडत नाही. निदानासाठी ही चाचणी पुरेशी नाहीच.

डॉक्टरांकडे जाताना फाइलमध्ये सोनोग्राफीचे जुने-नवे रिपोर्ट फिल्मसकट, आधीचे सगळे आकडे तारखांसह आणि ऑपरेशन झालं असेल तर त्याची तारीख ठेवा, कारण ऑपरेशननंतर काही आठवडे आकडा चढा राहू शकतो. आई, मावशी, बहीण यांच्याइतकीच आत्याचीही माहिती विचारून घ्या. अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचा धोका वडिलांच्या बाजूनेही येऊ शकतो, हे आपण हमखास विसरतो.

मग नीट विचारा: ही चाचणी कशासाठी सांगितली? सोनोग्राफीत गाठ असेल तर तिच्यात घट्ट भाग दिसतोय का, त्यात रक्तप्रवाह आहे का? एचई-४ ही दुसरी रक्तचाचणी करायची का? एंडोमेट्रिओसिसमध्ये ती सहसा वाढत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा तिची मदत होते, मात्र किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. पाळी कायमची गेली असेल तर वाढलेला आकडा अधिक गांभीर्याने घेतात, तेव्हा वयही लपवू नका.

पोट सतत फुगलेलं राहणं, दोन घासांत पोट भरणं, वजन उतरणं यातलं काही नव्याने सुरू झालं असेल, तर पुढच्या पाळीची वाट न बघता दाखवून या.