जुनं एचएमटी घ्यायचंय? मग घड्याळ नंतर, आधी डायल बघा

दर दोन महिन्यांनी कोणीतरी मला म्हणतं की आजोबांच्या हातात होतं तसं एचएमटी जनता पाहिजे, आणि मी काही बोलायच्या आत ऑनलाइन एक चकाचक केशरी डायलवालं मागवून मोकळे होतात आणि मग फोटो पाठवतात, "कसंय?" काय सांगणार. मशीन चालू असतं, पट्टा नवा असतो, पण आजोबांच्या हातात तसलं घड्याळ कधीच नव्हतं.

तर जुनं घड्याळ ओरिजिनल पार्टसकट कसं घ्यायचं आणि कसं उभं करायचं ते सांगतो. उदाहरण एचएमटीचंच घेतोय कारण आपल्याकडे शिकायला याच्याइतकं सोपं आणि स्वस्त दुसरं काही नाही. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगलोरला कारखाना सुरू झाला, २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. मधल्या काळात इतकी घड्याळं विकली गेली की आजही कुठल्यातरी कपाटात, स्टीलच्या डब्यात, बटणं आणि जुन्या चाव्यांच्या खाली एखादं निघतंच. त्यामुळे पहिली पायरी पैसे न लागणारी आहे: काका, मामा, आत्या सगळ्यांना विचारा. लग्नात मिळालेलं कांचन, म्हणजे एचएमटीचंच दुसरं मॉडेल, कोणाकडेतरी नक्की पडलेलं असतं.

घरात नाही मिळालं तर बाजार. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईला चोरबाजार आहेच, आणि गावातला जुना घड्याळजी तर सगळ्यात भारी, कारण त्याच्या ड्रॉवरमध्ये लोक दुरुस्तीला देऊन परत न्यायला न आलेली घड्याळं असतात. बाजारात सकाळी लवकर जा आणि खिशात एक भिंग ठेवा, दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात ते चालतं.

आता मुद्दा. जुन्या घड्याळात तुम्ही खरं म्हणजे डायल विकत घेत असता, बाकी सगळं मिळतं. जनता आणि पायलट, या एचएमटीच्या दोन्ही मॉडेलांत ०२३१ नावाचं सतरा ज्युवेलचं (ज्युवेल म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात ते बारीक खडे) चावीचं मशीन असतं, म्हणजे एका मोडक्या पायलटमधून जनताला लागणारं चाक निघू शकतं. कमान (चावी दिली की ताणली जाते ती मुख्य स्प्रिंग) मिळते, काच मिळते, बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक) मिळतो. ओरिजिनल डायल मात्र एकदा गेली की गेली, आणि नेमकी तीच लोक सगळ्यात आधी फेकतात कारण तिच्यावर डाग असतात.

नव्याने छापलेली डायल ओळखायला दोन मिनिटं पुरतात. भिंगाखाली अक्षरं बघा, ओरिजिनलची कड स्वच्छ कापल्यासारखी असते, नकलीची शाई पसरलेली, आणि "जनता" देवनागरीत लिहिलेलं असेल तर शिरोरेघ बघा, ती वाकडी किंवा जाडबारीक दिसली की समजून जा. मग मिनिटांच्या रेघा, त्यातली दर पाचवी रेघ तासाच्या खुणेच्या बरोबर मध्यावर यायला पाहिजे. पायलटची ओळखच काळी डायल आहे, तो पोपटी किंवा लाल दिसला तर मी सरळ पुढच्या चादरीकडे सरकतो. अशा रंगवलेल्या आणि चार घड्याळांचे पार्ट एकत्र करून विकलेल्या मालाला परदेशातले हौशी लोक "मुंबई स्पेशल" म्हणतात, आपल्या शहराचं नाव कुठे जाऊन पोचलं बघा.

काटे पण तपासा. मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे आणि तास काटा साधारण तासांच्या खुणांपाशी थांबला पाहिजे, आखूड किंवा लांब दिसला तर दुसऱ्या कुठल्यातरी घड्याळाचा आहे. डायल पिवळट पडलीय आणि काटे मात्र पांढरेशुभ्र चमकतायत, हे पण जमत नाही, दोघं एकाच काचेखाली एकत्रच म्हातारे व्हायला हवेत ना.

विकणाऱ्याला मागचं झाकण उघडायला सांगा. बहुतेक जनताचं झाकण दाबून बसवलेलं असतं, कडेला बारीक खाच असते, पातं घालून टक्कन निघतं. आत ब्रिजवर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, एचएमटी कोरलेलं हवं, गंज नको, स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे जितके कमी तितकं बरं. गंज दिसला तर मी घेत नाही, अगदी फुकट दिलं तरी विचार करीन, कारण गंज डायलच्या खाली कुठवर गेलाय ते वरून कळत नाही. ऑनलाइन घेताना मशीनचा फोटो मागा, "फोटो नाही पण गॅरंटी देतो" म्हणाला तर त्याला नमस्कार करा.

मग चावी. हळू फिरवा, पाच-सात वेळा, आणि कानाला लावा. या मशीनची टिकटिक सेकंदाला पाच असते, तासाला अठरा हजार. आवाज लंगडा आला, टिक-टिक-टुक असा, तर सर्व्हिसिंग लागणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चावी फिरतच राहिली, कुठे अडतच नाही, तर बहुतेक कमान तुटलीय, ती पण बदलता येते. पण बॅलन्सचं चाक वेडंवाकडं हलत असेल किंवा त्यावरची केसासारखी स्प्रिंग एका बाजूला गोळा झाली असेल तर भाव निम्मा करा नाहीतर स्पेअरसाठी म्हणून घ्या. आणि घरी कोणी म्हटलं की "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं" तर मान डोलवा आणि सोडून द्या, जास्त चावीने चांगलं घड्याळ बंद पडत नाही, आतलं तेल वाळून गोंद झालेलं असतं म्हणून ते थांबतं.

घरी आणल्यावर हात शिवशिवतात. इथे माझी चूक सांगतो. पहिलं जनता आणलं तेव्हा डायलवर एक तपकिरी डाग होता, म्हटलं हलकेच पुसू, इअरबड थोडासा ओला केला आणि एकदाच फिरवला. डाग तिथेच राहिला आणि "जनता"मधला "ज" कापसाला चिकटून वर आला. आजही ते घड्याळ माझ्याकडे आहे, त्यावर "नता" लिहिलेलं आहे. डायलला पाणी नाही, थुंकी नाही, कोलीन तर नाहीच. रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, बस. काट्यांवर किंवा आकड्यांवर हिरवट-तपकिरी लेप असेल तर तोही खरवडू नका, आपण सगळ्याच चमकणाऱ्या लेपाला रेडियम म्हणतो पण काही जुन्या घड्याळांत, विशेषतः स्विसमध्ये, ते खरोखरच रेडियम असतं आणि त्याची पूड नाकात जाणं वाईट.

घरी करण्यासारखं काम म्हणजे काच. ती ॲक्रिलिकची असते, बारीक ओरखडे साध्या पांढऱ्या टूथपेस्टने जातात, मऊ कापडावर घेऊन गोल गोल दहा मिनिटं घासा, मग कोरड्या कापडाने पुसा, कडेला पेस्ट राहू देऊ नका. चीर गेली असेल तर नवी काच टाका, मापाची मिळते. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीला, मात्र पॉलिशच्या मशीनवर नेऊ नका, जनताची केस पितळेवर क्रोम चढवलेली असते, जरा जास्त घासलं की कोपऱ्यातून पिवळं डोकावतं आणि ते परत झाकणं सोपं नसतं. टूथब्रश आणि साबणाचं पाणी, तेही मशीन आणि डायल बाहेर काढलेली असतानाच. ते काढणं जमत नसेल तर घड्याळजीवर सोडा.

आता घड्याळजी. माझे काका, म्हणजे नात्यातले नाही, कोपऱ्यावरच्या छोट्या टपरीत बसतात ते, त्यांनी पहिल्या दिवशी प्रेमानेच विचारलं, "नवीन डायल टाकून देऊ का, एकदम नव्यासारखं दिसेल." त्यांच्या डोक्यात गिऱ्हाइकाला खूश करणं असतं, फसवणं नाही, त्यामुळे आधीच स्पष्ट बोललेलं बरं. मी चिठ्ठीवर लिहूनच देतो: डायल, काटे आणि केसला हात लावायचा नाही, मशीन पूर्ण खोलून धुवायचं, तेल द्यायचं, कुठलाही पार्ट बदलायच्या आधी फोन करायचा, आणि काढलेला प्रत्येक पार्ट पुडीत परत द्यायचा. शेवटच्या वाक्याला काका हसले होते, "तुटक्या कमानीचं काय करणार रे?" काही नाही करणार, पण पुडी घरी आली की घड्याळात काय जुनं आणि काय बदललंय ते मला कळतं.

नुसतं "ऑइलिंग" करून घेऊ नका, म्हणजे वरून तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि घड्याळ चालू करून द्यायचं, जुन्या गोंदावर नवं तेल पडलं की सहा महिन्यांत पुन्हा तेच. खोलून धुतलं तरच सर्व्हिसिंग. पार्ट लागलाच तर त्याच ०२३१ चा, दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढलेला. त्यासाठी मी बाजारातून डायल खराब झालेली पण मशीन बरं असलेली दोन-तीन घड्याळं घेऊन ठेवली आहेत, काकांच्या भाषेत भंगार.

सगळं जोडून होत असताना समोर बसायला मिळालं तर नक्की बसा. काकांनी चिमट्याने बॅलन्स जागेवर ठेवला, ब्रिज वर धरला, स्क्रू अर्धाच पिळला होता तेवढ्यात ते चाक आपणहून थरथरलं आणि फिरायला लागलं. काका काहीच बोलले नाहीत, चहाचा कप पुढे सरकवला.

घड्याळ घरी आलं की लगेच मिरवू नका. पूर्ण चावी द्या, चावी अडली की तिथेच थांबा, आणि एक दिवस डायल वर, एक दिवस डायल खाली, एक दिवस कडेवर उभं करून ठेवा, रोज मोबाइलच्या वेळेशी ताडून लिहा. रोजचा अर्धा मिनिट फरक मला चालतो. पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुतेक मॅग्नेट झालंय, स्पीकर किंवा मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकाजवळ ठेवलं असेल, घड्याळजीकडे ते उतरवायचं यंत्र असतं, काम मिनिटाभराचं. कांचनसारखं वार-तारखेचं असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलू नका, तेव्हा आतले दात आधीच एकमेकांत अडकलेले असतात.

पट्टा बहुतेक अठरा मिलिमीटरचा बसतो, तरी मोजून घ्या. आणि पावसाळ्यात घड्याळ घरीच ठेवा, मी जूनच्या पहिल्या आठवड्यात डब्यात टाकतो, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून थोडी चावी देतो.